एका पाण्याची चार मापे

म्हादई नदीचे पाणी टीएमसीत मोजले जाते. नळाला येणारे पाणी एमएलडीत, आभाळातून पडणारे इंचांत आणि साळावली धरणात साठलेले मीटरांत. पाणी तेच. पण एखाद्या गोवेकराला या चार आकड्यांचा मेळ घालायचा असेल तर त्याला तो घालता येत नाही, आणि ज्याला मेळ घालता येत नाही त्याला नेमका प्रश्नही विचारता येत नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: विश्वास ठेवणे किंवा संतापणे. पाण्याच्या बाबतीत आपण गोव्यात बराच काळ या दोनच गोष्टी करीत आलो आहोत.

माझी मागणी अशी आहे की सरकारी खात्यांनी आणि त्यांचे आकडे छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी लोकांपुढे ठेवलेला प्रत्येक आकडा मेट्रिक एककात द्यावा आणि ते एकक पुरते लिहावे. चौरस मीटर असेल तर चौरस मीटर, घनमीटर असेल तर घनमीटर, आणि दर सेकंदाचा किंवा दर दिवसाचा हिशेब असेल तर तो सेकंद किंवा दिवस गाळू नये. कुणाला ही मागणी किरकोळ वाटेल. पण आकडा किती ते अंक सांगतात. तो कशाचा आहे ते फक्त एकक सांगते. एकक अर्धे लिहिले की माहितीही अर्धीच पोचते, आणि तरी वाचणाऱ्याला ती पुरी मिळाल्यासारखे वाटते.

मी विज्ञान शिकवतो. मूलभूत एकके आणि साधित एकके हा धडा मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, आणि तो तसा शिकवलाही जातो. सात नावे पाठ करायची: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला. मग साधित एककांचा तक्ता पाठ करायचा. परीक्षा झाली की विसरायचे. या धड्यात एक फार मोठा विचार आहे तो मुलांपर्यंत पोचतच नाही. जगात मोजण्यासारख्या हजारो गोष्टी आहेत: नदीचा प्रवाह, विजेचा दाब, आवाजाचा त्रास, जमिनीचा पसारा. त्या सगळ्यांसाठी हजारो स्वतंत्र मापे लागत नाहीत. सात पुरतात. बाकी सारी मापे या सातांच्या गुणाकार-भागाकारातून येतात. त्यांपैकी बावीस मापांना न्यूटन, ज्यूल, वॅट, पास्कल, व्होल्ट अशी स्वतःची नावे दिली आहेत. उरलेली आपली वंशावळ नावातच घेऊन फिरतात, जसे घनमीटर प्रति सेकंद.

मेट्रिक म्हणजे दहाच्या पटींतली मापे एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. दहाच्या पटी सोयीच्या आहेतच, पण या पद्धतीचा कणा त्यात नाही. एक किलोग्रॅमच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंदाने वाढवायला लागते ते एक न्यूटन बल. एक न्यूटन बलाने एक मीटर सरकवले की एक ज्यूल काम. एक ज्यूल एका सेकंदात झाले की एक वॅट. सगळीकडे एक. मध्ये कुठलाही आडदांड आकडा येत नाही. याउलट इंग्रजी मापांत एका गॅलनात किती घनइंच, तर २७७.४२. एका अश्वशक्तीत सेकंदाला किती फूट-पौंड, तर ५५०. हे आकडे ज्यांना पाठ आहेत ते तज्ज्ञ, आणि ज्यांना नाहीत ते बाहेरचे. मेट्रिक पद्धतीने ती भिंत पाडली. मापे एकमेकांशी आपोआप जुळतील अशी बांधली की हिशेब कुणालाही करता येतो.

पायाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या गेल्या होत्या. आपली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्या वजनांत लक्षांश ग्रॅमांची तफावत पडत गेली, आणि यात घटले कोण, वाढले कोण हे ठरवता येईना, कारण ठरवायचे ते त्या दंडगोलावरूनच. २० मे २०१९ पासून तो प्रश्न मिटला. आता सातही मूलभूत एकके निसर्गातल्या न बदलणाऱ्या राशींना बांधली आहेत. सिझियमच्या अणूतील ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा मीटर. माप आता कुणाच्या कपाटात नाही, कुणाच्या ताब्यात नाही.

कुणाच्या ताब्यात नाही हे महत्त्वाचे, कारण मेट्रिक पद्धत जन्मली तीच मापे दुसऱ्याच्या ताब्यात असण्याच्या तक्रारीतून. १७८९ साली फ्रान्समधल्या गावोगावच्या लोकांनी राजाकडे जी गाऱ्हाणी लिहून पाठवली त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीची गाऱ्हाणी जागोजाग आहेत. धान्याचा वाटा देताना जे माप वापरायचे ते घेणाऱ्याच्या घरचे. आपल्याकडे खंडी आणि कुडव होते. एके ठिकाणी खंडी म्हणजे वजन, दुसरीकडे खंडी म्हणजे आकारमान. भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, घालायचा खंड भाताच्या मापाने ठरत असे तिथे माप कुणाच्या घरचे, हा प्रश्न पोटाशी येऊन भिडतो. ज्याच्या हाती माप त्याच्या हाती न्याय. फ्रेंच राज्यक्रांतीने माप राजाकडून आणि जमीनदाराकडून काढून पृथ्वीकडे सोपवले: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. देलाम्ब्र आणि मेशँ या दोघांनी सहा-सात वर्षे डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी करून तो ठरवला.

गोव्याचा या पद्धतीशी संबंध उरलेल्या भारताहून जुना आहे. पोर्तुगालने १८५२ साली हुकूम काढून मेट्रिक पद्धत स्वीकारली, आणि १८७५ साली पॅरिसमध्ये ज्या सतरा देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या त्यांत पोर्तुगाल होता. भारताने मापांचा कायदा १९५६ साली केला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू केला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी मापे व्यवहारातून हद्दपार केली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, म्हणजे भारताचे मापांतर पुरे होण्याच्या सुमारे साडेतीन महिने आधी. दोन्ही बाजूंनी आपल्या वाट्याला मीटरच आला.

जमिनीच्या बाबतीत आपण हा वारसा चांगला सांभाळला. पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेले की जमीन गुंठ्यांत आणि एकरांत बोलली जाते. गोव्यात ती चौरस मीटरांत बोलली जाते. एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यात हेक्टर, आर आणि चौरस मीटर असेच क्षेत्र लिहिलेले असते. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर, शंभर हेक्टरांचा एक चौरस किलोमीटर, इतका सरळ जिना आहे. अक्षरओळख जेमतेम असलेली म्हातारी बाईसुद्धा आपल्या भाटाचे, म्हणजे बागायतीचे, क्षेत्र चौरस मीटरांत सांगते. लोकांना नवी मापे झेपत नाहीत असे जे नेहमी म्हटले जाते त्याला गोव्याची जमीन हेच उत्तर आहे. कागद बदलला, लोक बदलले.

मात्र एक खोट राहून गेली आहे. बोलताना आपण 'चौरस' गाळतो. पाचशे मीटरांचा प्लॉट म्हणतो. आणि किनाऱ्यावरच्या गावांत त्याच वेळी सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, पाचशे मीटर बोलले जातात, तेव्हा ते भरतीरेषेपासूनचे खरेखुरे अंतर असते. एक साधित एकक, दुसरे मूलभूत. घरगुती बोलण्यात याने काही बिघडत नाही. ग्रामसभेत बिघडते. जमिनीच्या रूपांतराची प्रकरणे येतात तेव्हा 'अमुक लाख मीटर' असा आकडा कानावर पडतो आणि कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. दहा लाख चौरस मीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर, आणि सगळा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा आहे, एवढे माहीत असले की रूपांतराचा प्रत्येक आकडा गोव्याच्या नकाशावर ठेवून पाहता येतो. मग तो लहान की मोठा हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

आता पाणी. इथे मात्र आपण वारसा गमावला आहे.

पावसाळ्यात वर्तमानपत्रे पावसाची शंभरी साजरी करतात ती इंचांची. हवामान खाते पाऊस मिलिमीटरांत मोजते. त्याची मुसळधार पावसाची पायरी ६४.५ मिलिमीटरला सुरू होते, अतिमुसळधार ११५.६ ला. पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवरच्या वेधशाळेतून निघालेला मिलिमीटरांतला आकडा छापखान्यापर्यंत जाता जाता इंचांत बदलतो. का? हा इंच आपल्या आज्यापणज्यांचाही नव्हे. पोर्तुगिजांनी तो शतकाभरापूर्वीच टाकला होता आणि मुक्तीनंतरच्या भारताने कायद्याने टाकला. तरी तो आपल्या पावसाला चिकटून राहिला आहे, आणि त्याने नुकसान होते.

नुकसान असे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. मूलभूत एककापासून साधित एककापर्यंत एका ढांगेत जाता येण्याचे यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही. मीटरचा हजारावा भाग गुणिले मीटर गुणिले मीटर म्हणजे घनमीटरचा हजारावा भाग, म्हणजेच लिटर. आता शंभर इंचांऐवजी २,५४० मिलिमीटर म्हणा. घराचे छप्पर शंभर चौरस मीटरांचे असेल तर त्यावर पडलेले पाणी २,५४० गुणिले १०० म्हणजे २,५४,००० लिटर. माणशी रोज १३५ लिटर हा शहरांसाठीचा मान्य निकष धरला तर पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर लागतात. छपरावरचे पाणी ३७६ दिवसांना पुरेल एवढे आहे. ते सगळे साठवता येत नाही, हे खरे. पण मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हा हिशेब स्वतःच्या छपराखाली बसून करता आला पाहिजे. इंच आणि चौरस फूट घेऊन तो करून पाहा. अर्ध्या वाटेत कागद फेकून द्याल.

धरणाचे तसेच. साळावली ४१.१५ मीटरांना भरून वाहू लागते, आणि बदकाच्या चोचीसारख्या त्या सांडव्यावरून पाणी पडताना पाहायला आपण आवर्जून जातो. बातमीत पातळी मीटरांत येते. मीटर हे लांबीचे माप. साठा हा घनफळाचा प्रश्न. जलाशय वरती पसरट आणि तळाकडे अरुंद असतो, त्यामुळे वरचा एक मीटर आणि तळचा एक मीटर यांत पाण्याचे प्रमाण अजिबात सारखे नसते. 'पातळी दोन मीटरांनी उतरली' हे वाक्य जुलैमध्ये एक अर्थ सांगते आणि मेमध्ये दुसरा. साळावलीची क्षमता सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर आहे. आज त्यातले किती घनमीटर उरले आहेत आणि रोज किती घनमीटर उपसले जातात, हे दोन आकडे शेजारी छापले तर साठा कधीपर्यंत पुरेल याचा अंदाज चौथीतला मुलगा भागाकाराने काढील.

रोजचा उपसा सांगितला जातो तो एमएलडीत, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. एक एमएलडी म्हणजे दिवसाला एक हजार घनमीटर. एवढे सोपे नाते लपून राहिल्यामुळे नळाचा आकडा आणि धरणाचा आकडा कधी भेटत नाहीत. साळावलीचा जुना जलशुद्धीकरण प्रकल्प १६० एमएलडीचा. त्याला १३५ लिटरांनी भागले तर सुमारे ११ लाख ८५ हजार माणसांची रोजची गरज भागते. २०११ च्या जनगणनेत दक्षिण गोव्याची लोकसंख्या होती ६,४०,५३७. उद्योग आहेत, हॉटेले आहेत, पर्यटक आहेत, गळती आहे. या प्रत्येकाचा वाटा असणारच. पण कुणाचा किती? सासष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावात नळ कोरडा असताना प्रकल्पाची क्षमता किती एमएलडीने वाढवणार याची घोषणा होते, तेव्हा हा भागाकार ज्याने केलेला असतो तो निराळा प्रश्न विचारतो. पाणी कुठे मुरते ते त्याला जाणून घ्यायचे असते. खात्याने गावनिहाय पुरवठा माणशी लिटरांत दिला तर या प्रश्नाचे उत्तर देता येईल. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी ५५ लिटर आहे, आणि तो निकष लिटर प्रति माणूस प्रति दिवस अशा पुऱ्या साधित एककात लिहिलेला असल्यामुळेच कुठल्याही गावाला तो लावून पाहता येतो.

आणि म्हादई. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण गोव्याच्या दृष्टीने इथे सगळ्यांत जास्त पणाला लागले आहे.

म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा-भंडुरा प्रकल्पामार्गे खोऱ्याबाहेर वळवायचे, ८.०२ वीजनिर्मितीसाठी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ज्या देशाने फूट १९६२ मध्ये व्यवहारातून काढला त्या देशातल्या नद्यांचे तंटे आजही घनफुटांत चालतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. वर्षभर समान वाटले तर सुमारे ७७.६ एमएलडी. म्हणजे ३.९ टीएमसी म्हणजे ११ कोटी घनमीटरांहून थोडे अधिक, किंवा वर्षभर सुमारे ३०० एमएलडी. साळावली काठोकाठ भरले असता त्यात जेवढे पाणी असते त्याच्या जवळपास निम्मे.

'३.९' हा आकडा ऐकून कुणाला काही वाटत नाही. 'साळावलीचे अर्धे धरण' ऐकून वाटते. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही याच ठिकाणी तपासता येतो. लवादाने खोऱ्याचे वार्षिक पाणी १८८.०६ टीएमसी धरले, ३.९ म्हणजे त्याचे जेमतेम दोन टक्के, मग एवढा आकांत कशाला, असे म्हटले जाते. हिशेब चुकीचा नाही. पण टक्क्याला एकक नसते, आणि टीएमसीत काळ नसतो. ते नुसते घनफळ आहे. नदी ही घनफळाची गोष्ट नाही, प्रवाहाची आहे. तिचे माप घनमीटर प्रति सेकंद. तिच्या छेदात सेकंद आहे, आणि म्हादईचा सगळा वाद त्या छेदात दडलेला आहे. जुलैत खोऱ्यात पाणी मावत नाही. प्रश्न आहे तो मार्च-एप्रिलचा, जेव्हा प्रवाह क्षीण होतो, भरतीचे खारे पाणी मांडवीतून, म्हणजे म्हादईच्याच खालच्या भागातून, वर सरकते, आणि खांडेपारसारख्या उपनदीवरच्या ओपा जलप्रकल्पाच्या पंपांना पाणी पुरते का हे पाहावे लागते. वर्षाच्या दोन टक्क्यांमागे कोणत्या महिन्यात कोणता ओहळ किती आटतो, हे वार्षिक टीएमसी सांगूच शकत नाही. ते सांगायला महिनावार घनमीटर प्रति सेकंद हवेत.

गोव्याने हा मुद्दा न्यायालयात कुठवर नेला याची चर्चा वकील करतील. मी लोकांपुढच्या मांडणीविषयी बोलतो आहे. केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मंजुरी दिली तेव्हा गोव्यात सभा झाल्या, भाषणे झाली, आई म्हादईच्या घोषणा झाल्या. भावना खरी होती आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण त्या भावनेच्या हाती कोणत्या ठिकाणी कोणत्या महिन्यात किती प्रवाह, याचा तक्ता असायला हवा होता. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे ८६.४ एमएलडी, उन्हाळ्यातल्या प्रवाहात एवढी घट झाली तर किती घरांचे नळ कोरडे पडतील, हे माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिथल्या तिथे सांगता आले असते. नदीवर प्रेम करणाऱ्याने तिचे माप आपल्या हाती ठेवले पाहिजे. समोरच्याच्या मापात भांडलो की निम्मे भांडण तिथेच हरतो.

विजेविषयी थोडक्यात. 'राज्याला दररोज अमुक मेगावॅट वीज लागते' अशी वाक्ये छापून येतात. वॅटच्या पोटात सेकंद आधीच आहे, तो ज्यूल प्रति सेकंद. त्याला पुन्हा 'दररोज' लावले की वाक्याला अर्थ उरत नाही. मेगावॅट ही त्या क्षणाची मागणी; दिवसभरात वापरलेली ऊर्जा मेगावॅट-तासांत. बिलावरचे 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. छपरावर सौर पॅनेल बसवायला निघालेल्या माणसाची या दोन मापांत गल्लत झाली की तो फसतो: तीन किलोवॅटचा संच म्हणजे तीन युनिटे नव्हेत, आणि गोव्याच्या जूनमध्ये तो एप्रिलइतकी युनिटे देणारही नाही.

आवाजाचे माप मात्र सगळ्यांत फसवे. हणजूण-वागातोरच्या रहिवाशांनी रात्रीच्या संगीतापायी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आहे. नियम २००० सालचे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. डेसिबल हे मीटरसारखे सरळ चढणारे माप नाही; ते गुणोत्तराचे माप आहे, आणि त्याच्या मुळाशी हवेच्या दाबाचा पास्कल आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट झाली. वीस वाढले म्हणजे शंभरपट. रात्री ४५ च्या जागी ६५ भरले तर 'वीसने जास्त' असे म्हणून सोडून देता येते, कारण नुसता आकडा ऐकणाऱ्याला ते दीडपटच वाटते. वस्तुतः परवानगीच्या शंभरपट तीव्रतेचा आवाज एखाद्या आजारी माणसाच्या किंवा दहावीच्या मुलीच्या खिडकीतून आत येतो आहे. तपासणी अहवालात डेसिबलच्या आकड्याशेजारी 'मर्यादेच्या इतकी पट तीव्रता' हा रकाना घालावा. पंचायतीत तो अहवाल वाचला गेला की मग कुणी 'थोडासाच जास्त' म्हणणार नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा चौथ्या कलमात सांगतो की प्रत्येक माप आंतरराष्ट्रीय पद्धतीवर आधारलेल्या मेट्रिक पद्धतीचे असेल. पाचव्या कलमात सातही मूलभूत एकके नावानिशी दिली आहेत. अकरावे कलम किंमत, बिल, जाहिरात आणि व्यवहार यांत प्रमाण मापाखेरीज दुसरे माप वापरायला बंदी करते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या दुकानदाराचा तराजू वजन-माप खाते तपासते आणि शिक्का मारते. योग्यच करते. पण हे कलम वस्तू आणि सेवांच्या व्यवहारापुरते आहे; धरणाच्या साठ्याचे पत्रक आणि विधानसभेतले उत्तर त्याच्या कक्षेत येत नाहीत. गोव्याने एका साध्या परिपत्रकाने ती उणीव भरून काढावी. मिरच्यांच्या वजनाला जो काटेकोरपणा लागतो तो नदीच्या पाण्याला का लागू नये?

आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. लवादाचा निवाडाच टीएमसीत आहे, तो बदलता येणार नाही. बदलू नये, शेजारी घनमीटर लिहावेत. लोकांना इंचांची सवय आहे. आहे, पण पाऊस आपल्या छपरावर किती लिटर पडला हे कळण्याची सवय त्याहून उपयोगी आहे, आणि ती लागायला दोन पावसाळे पुरतील. सामान्य माणसाला घनमीटर कळत नाही हा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. नळाच्या मीटरवर घनमीटरच फिरतात आणि पाण्याचे बिल त्यावरच येते. ज्या मापाने पैसे घेता त्या मापाने हिशेबही द्या.

शाळेचा भाग माझ्याकडे येतो. हा विषय अकरावीच्या पहिल्या धड्यांत पुरतेपणी येतो, तोवर निम्मी मुले विज्ञान सोडून गेलेली असतात. सहावी-सातवीत मुलांनी शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढावे, पर्जन्यमापकातले मिलिमीटर रोज फळ्यावर लिहावेत आणि महिन्याच्या शेवटी लिटर काढावेत. गावच्या ओहोळात फूल सोडून ते दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते पाहावे, ओहोळाची रुंदी आणि खोली मोजावी आणि प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात काढावा. फक्त मीटर आणि सेकंद, दोनच मूलभूत एकके लागतात. हे ज्याने एकदा स्वतः केले त्याला साधित एकक म्हणजे काय ते पुन्हा सांगावे लागत नाही.

येत्या एक जूनपासून जलस्रोत खात्याने आपल्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर रोज एक ओळ द्यावी. साळावलीतला साठा इतके दशलक्ष घनमीटर, कालचा उपसा इतके घनमीटर, सांडव्यावरून इतके घनमीटर प्रति सेकंद, पाणलोटात पाऊस इतके मिलिमीटर. अंजुणे, चापोली, आमठाणे, पंचवाडी या धरणांचीही तशीच. आणि गांजे येथे म्हादईचा प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद, मागच्या वर्षीच्या त्याच तारखेच्या आकड्यासह. मोजणारे कर्मचारी आहेत, उपकरणे आहेत, नोंदी ठेवल्याही जातात. त्या आम्हाला वाचता येतील अशा मापात आमच्यापुढे ठेवा.